त्या तळ्याखाली गाव आहे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला वेल्समधल्या व्हर्नवी सरोवरावरचा लेख वाचला आणि फार वाईट वाटलं. पानभर लेखात पक्षी आहेत, धुकं आहे, हॉटेलातला चहा आहे. त्या पाण्याखाली बुडालेल्या लानूदिन गावाचं नावसुद्धा नाही.

हे तळं निसर्गाने घडवलेलं नाही. लिव्हरपूल शहराला पाणी हवं होतं म्हणून १८८० मध्ये कायदा झाला, पुढच्या वर्षी धरणाचं काम निघालं आणि १८८८ मध्ये पाणी अडवलं. ३७ घरं, १० शेतकऱ्यांचे वाडे, तीन सराया, दोन चॅपल (अधिकृत अँग्लिकन चर्चपासून वेगळ्या झालेल्या ख्रिस्ती पंथांची प्रार्थनाघरं) आणि पॅरिशचं, म्हणजे त्या अधिकृत चर्चच्या स्थानिक विभागाचं, जुनं चर्च, सगळं खाली गेलं. चर्चभोवतीच्या कबरी उकरून अस्थी वरच्या नव्या चर्चपाशी नेऊन पुरल्या. चर्च सोडून चॅपलला जाणाऱ्या वेल्श माणसांना पॅरिशच्या दफनभूमीत आपल्या रीतीने अंत्यविधी करायचा हक्कही १८८० च्याच एका कायद्याने मिळाला होता. त्याच वर्षी लानूदिनची ती जमीन बुडवायचं ठरलं, याचा मला आजही संताप येतो.

माझं आजोळ कोयनेच्या पाण्यात गेलं. पाणी चढू लागलं तेव्हा आजोबा ग्रामदैवताची मूर्ती डोक्यावर घेऊन डोंगर चढले, हे आईच्या तोंडून कितीदा तरी ऐकलंय. देव वर आणता आला, मसणवट तिथेच राहिली. आई शेवटपर्यंत त्या पाण्याकडे बघायला तयार नव्हती. अशा पाण्याला कुणी नुसतंच ‘निळंशार, शांत’ म्हटलं की मला ते सोसत नाही.

जुनी गोष्ट, कशाला उकरायची, असं कुणी म्हणेल. पण याच लिव्हरपूलसाठी १९६५ मध्ये कापेल केलिन हे दुसरं वेल्श गाव बुडालं आणि त्याबद्दल तिथल्या नगर परिषदेने २००५ मध्ये माफी मागितली. तिथले लोक विसरलेले नाहीत.

आणखी एक. फोटोखाली ‘मध्ययुगीन किल्ल्याचा बुरूज’ असं छापलंय. तो किल्ला नाही. शहराकडे जाणारं पाणी गाळून घेण्यासाठी धरणाबरोबरच बांधलेला तो मनोरा आहे. निदान एवढी दुरुस्ती येत्या रविवारी त्याच पानावर छापावी, आणि तिथे लानूदिनचं नाव यावं.

आपला,
एक वाचक, पाटण