रोटोरुआला नुसती एक रात्र नको, गावात एक सकाळ तरी द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पर्यटन पुरवणीत सध्या न्यूझीलंडच्या टूरच्या जाहिराती भरभरून येतायत. प्रोग्रॅम सगळ्यांचा जवळपास एकच, ऑकलंडला उतरा, गुहेतले चमकणारे किडे बघा, मग रोटोरुआ एक रात्र, त्यात गिझर म्हणजे जमिनीतून कारंज्यासारखं उडणारं उकळतं पाणी आणि संध्याकाळी माओरी, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांचा, शो विथ डिनर, सकाळी बॅगा भरून पुढे क्वीन्सटाउन. माझी मुलगी हॅमिल्टनला असते, तिथून रोटोरुआ गाडीने जेमतेम दीड तास, त्यामुळे मला ते गाव निवांत बघायला मिळालं, आणि म्हणूनच हे पत्र लिहितेय. इतक्या लांब, इतके पैसे खर्च करून आपली माणसं जातात आणि जे खरं बघायचं तेच राहून जातं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

रोटोरुआ म्हणजे एका जुन्या ज्वालामुखीच्या खचलेल्या तोंडात वसलेलं गाव. २ लाखांहून जास्त वर्षांपूर्वी मोठा उद्रेक झाला, जमीन खाली बसली आणि तिथं तळं झालं, त्या तळ्यात मधोमध मोकोइया बेट. त्या बेटावरच्या तुतानेकाई नावाच्या तरुणाची बासरी ऐकून त्याच्या प्रेमात पडलेली हिनेमोआ रात्री पोहत त्याच्याकडे गेली, ही गोष्ट तिथं लहान पोरंसुद्धा सांगतात. गावात शिरल्या शिरल्या गंधकाचा वास येतो, अर्ध्या तासात नाक सरावतं, तेव्हा त्या वासाचा बाऊ करू नये. बागेत, फुटपाथच्या कडेला, कुणाच्या कुंपणापाशी, कुठूनही वाफ येत असते.

पण मला सांगायचंय ते रोटोरुआतल्या फाकारेवारेवा नावाच्या खोऱ्याबद्दल. पोहुतू गिझर याच खोऱ्यात आहे, पाणी ३० मीटरपर्यंत उडतं, दिवसात पुष्कळ वेळा उडतं, ते सगळे बघतातच. त्याच्या शेजारीच माओरी लोकांचं राहतं गाव आहे, प्रदर्शनासाठी उभं केलेलं नाही, खरोखर घरं आहेत, दोरीवर कपडे वाळत असतात, आणि त्याच घरांतल्या बायका-पुरुष आपल्याला गाव फिरवून दाखवतात. जमिनीतून वाफ येते तिथं लाकडी पेटी बसवलेली, आत मांस, रताळी, कोबी ठेवायचा, वरून झाकण लावायचं आणि कामाला जायचं, गॅस नाही लाकूड नाही, जेवण आपोआप शिजतं. उकळत्या कुंडात मक्याची कणसं जाळीच्या पिशवीत दोरीने सोडतात, आमच्यासमोर काढलेलं कणीस हातात धरवत नव्हतं, चवीला गंधकाचा लवलेश नाही, मीठही लागलं नाही. त्याच कुंडाचं पाणी पाटातून थंड होत होत उघड्या हौदांत येतं आणि गावातले लोक तिथं अंघोळ करतात, पिढ्यान् पिढ्या. कबरीसुद्धा जमिनीच्या वर बांधलेल्या, कारण खाली खणायची सोयच नाही. जमीन उकळतेय म्हणून गाव सोडून जायचं नाही तर त्या जमिनीशी जुळवून घेऊन राहायचं, हे तिथं पावलोपावली दिसतं, आणि हे दोन तासांच्या शोमध्ये कसं दिसणार?

हे लोक तिथं का आले हेही टूरमध्ये कुणी सांगत नाही. १० जून १८८६ च्या पहाटे तारावेरा डोंगर फुटला, सुमारे १२० माणसं गेली, त्यातली बहुतेक माओरी, आणि जगभरातून लोक ज्या गुलाबी-पांढऱ्या पायऱ्यांसारख्या कुंडांना बघायला यायचे तीही नाहीशी झाली. तुहोउरांगी जमातीचं होतं नव्हतं सगळं राखेखाली गेलं. सोफिया हिनेरांगी नावाची त्यांची नामवंत गाइड होती, त्या रात्री तिच्या घरात साठच्या वर माणसांनी आसरा घेतला म्हणून ती माणसं वाचली. मग फाकारेवारेवाच्या नातेवाईक जमातीने या उघड्यावर पडलेल्या लोकांना आपल्याकडे जागा दिली आणि सोफियाने तिथं परत पाहुण्यांना फिरवायला सुरुवात केली. पुढे तिच्याच परंपरेतल्या मॅगी पापाकुराने १९०१ मध्ये इंग्लंडच्या राजपुत्राला हे खोरं दाखवलं, आणि उतारवयात ती ऑक्सफर्डला जाऊन आपल्याच लोकांच्या जगण्यावर अभ्यास करत होती, १९३० मध्ये वारली. आज जी बाई आपल्याला तिकिटावर गाव दाखवते तिच्यामागे हा एवढा इतिहास उभा आहे, आणि आपण तिला पंधरा मिनिटांत आवरा म्हणतो.

अजून एक गोष्ट, आणि ही आपल्या वाचकांना नक्की पटेल कारण बोअरचं दुखणं आपल्याला नवीन नाही. रोटोरुआत घर गरम ठेवायला, हॉटेलच्या पाण्याला, स्विमिंग पूलला लोकांनी दणादण बोअर मारले होते, फुकटचं गरम पाणी कोण सोडेल, पण त्यामुळे जमिनीखालचा दाब उतरत गेला आणि गिझर एकेक करून मंदावायला लागले. पापाकुरा नावाचा गिझर १९७९ मध्ये थांबलाच. शेवटी १९८६-८७ मध्ये सरकारने पोहुतूपासून दीड किलोमीटरच्या आतले सगळे बोअर बंद करायला लावले. लोक चिडले, विरोध झाला, पण निर्णय फिरवला नाही, आणि हळूहळू झऱ्यांत पाणी परत चढलं, तो पापाकुरा २०१५ मध्ये पुन्हा उडायला लागला, म्हणजे ३६ वर्षांनी! आपल्याकडे गणेशपुरी-वज्रेश्वरीपासून तुरळ-राजवाडी, उन्हवऱ्यापर्यंत कोकणात गरम पाण्याचे झरे आहेत, त्यांच्याखाली ज्वालामुखी नाही, पावसाचं पाणी भेगांतून खोल जाऊन तापून वर येतं, पण जमिनीखालचं पाणी सगळ्यांचं मिळून एकच असतं ही गोष्ट तिथंही लागू आहे, तेव्हा कुंडाच्या आसपास रिसॉर्ट आणि बोअर यांना परवानगी देताना रोटोरुआचा हा दाखला कुणीतरी टेबलावर ठेवावा.

आता जरा स्पष्ट बोलते. संध्याकाळच्या शोच्या आधी पाहुण्यांचं रीतसर स्वागत होतं. पाहुण्यांतून एकाला प्रमुख करतात, समोरून एक योद्धा भाला फिरवत, डोळे वटारत, जीभ काढत पुढे येतो आणि जमिनीवर फांदी ठेवतो, प्रमुखाने नजर न हटवता ती उचलायची, म्हणजे आम्ही भांडायला नाही आलो, सलोख्याने आलोय. मग त्यांची बाई लांब सुरात हाक देते, ती हाक ऐकताना माझ्या अंगावर काटा आला. आणि ऐन त्या वेळी आपल्याच देशातून आलेल्या एका ग्रुपमधले चार-पाच जण जीभ काढून नकला करत होते, व्हिडिओ काढत मोठ्याने हसत होते, आणि त्यांच्या टूर मॅनेजरने त्यांना एका शब्दाने अडवलं नाही. आपल्याकडे आरती चालू असताना कुणी परक्याने असं केलं तर आपण खपवून घेऊ का? त्या माओरी माणसांनी काही न बोलता कार्यक्रम पुढे नेला, पण मला मान वर करवेना.

त्यात आपलं आणि त्यांचं नातं परकं नाहीये. रोटोरुआतच तळ्याकाठी ओहिनेमुतू नावाच्या माओरी वस्तीत चर्च आहे, तिथल्या काचेवर माओरी झगा घातलेला येशू कोरलाय, बाकावर बसून बघितलं की तो तळ्याच्या पाण्यावरून चालत येतोय असं वाटतं. त्या चर्चच्या आवारात त्यांच्या २८व्या माओरी बटालियनच्या जवानांची आठवण जपलीय. ही बटालियन दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढली, ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदी ओलांडताना न्यूझीलंडच्या डिव्हिजनच्या शेजारीच आपली ८वी भारतीय डिव्हिजन होती, आणि तिच्यातल्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या नामदेव जाधवांना त्याच दिवशीच्या पराक्रमाबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. मराठी माणसांना घेऊन जाणाऱ्या टूरने तिथं अर्धा तास थांबायला काय हरकत आहे?

माझी विनंती दोन जणांना आहे. टूरवाल्यांनी रोटोरुआत अजून एक सकाळ वाढवावी, फाकारेवारेवा आणि ओहिनेमुतू पायी दाखवावं, तिथल्याच माणसाला गाइड म्हणून घ्यावं आणि निघायच्या आधी ग्रुपला नीट सांगावं, माओरींच्या सभागृहात जाताना चपला बाहेर काढायच्या, जेवायच्या टेबलावर बसायचं नाही, स्वागत चालू असताना गप्प राहायचं, फोटो विचारून काढायचा. आणि आपण पुरवणीत न्यूझीलंडवर पान काढाल तेव्हा हॉटेलच्या रेटसोबत या सूचनांची एक चौकट जरूर छापावी, दिवाळीनंतर बुकिंग सुरू होतं त्याआधी छापली तर जास्त बरं.

आपली,
एक नियमित वाचक, कोथरूड, पुणे