घास अडकतो, ते आधी बघू

सांगली,
दसऱ्यानंतरचा रविवार

प्रिय मित्रा,

तुझं पत्र पोचलं. जळजळीबद्दल तू दीड पान लिहिलंस, आणि भाकरीचा घास हल्ली छातीत अडकल्यासारखा होतो, वर पाणी प्यावं लागतं, हे मात्र शेवटी एका ओळीत उरकलंस. मी ती ओळ दोनदा वाचली. जळजळ घरच्या घरी बरीच आटोक्यात आणता येते, पण घास अडकायला लागला की डॉक्टरांनीच बघायला हवं. आम्ल सारखं वर येऊन अन्ननलिका सुजते, आत जखमा होतात, आणि त्या भरून येताना वाट अरुंद होते. पुष्कळदा कारण एवढंच निघतं, आणि दुर्बिणीतून फुगा घालून ती वाट रुंद करता येते. क्वचित मात्र तिथं गाठ असते, आणि मग ती किती लवकर सापडली यावर सगळं असतं. गोळीनं जळजळ थांबेल, पण आत काय चाललंय ते दुर्बिणीशिवाय कळणार नाही. तू पन्नाशी ओलांडलेली आहेस. याच आठवड्यात पोटाच्या डॉक्टरांची वेळ घे. शौचाला काळं, चिकट झालं, उलटीत रक्त दिसलं किंवा घास पूर्णच अडकून पाणीही उतरेना, तर तेवढंही थांबू नकोस.

आता बाकीचं. औषधाच्या दुकानात उभं राहून रोज ऐकतो, ‘पित्त वाढलंय, एक स्ट्रिप द्या.’ खरं तर पुष्कळांच्या पोटात आम्ल नेहमीइतकंच असतं, ते नको तिथं जातं. अन्ननलिका जठराला मिळते तिथं स्नायूचं एक कडं आहे, बटव्याच्या नाडीसारखं. घास आला की ते सुटतं आणि लगेच आवळतं. पोट गच्च भरलं, कमरेचा घेर वाढला, सिगारेट-दारू झाली की ते अवेळी सैल पडतं. जठराला आतून श्लेष्माचं जाड अस्तर आहे म्हणून त्याला आम्ल सोसतं, अन्ननलिकेला तसलं संरक्षण नाही. सकाळी तुझा आवाज बसलेला असतो, कोरडा खोकला येतो, तोही कदाचित यातलाच असेल. डॉक्टरांना सांग.

म्हणून एक गोष्ट कळकळीनं सांगतो: सकाळी घशात बोटं घालून पित्त पाडतोस, ते बंद कर. आपल्याकडे घरोघरी ही सवय आहे, आणि उलटी झाली की हलकं वाटतं हेही खरं. पण जे आम्ल थोडंथोडं वर येत होतं ते तू सगळं एकदम त्याच सोललेल्या नळीतून बाहेर काढतोस. दातांचं कवचही त्यानं झिजतं. गार दुधानंही घटकाभरच बरं वाटतं, मग त्याच दुधामुळे जठर पुन्हा आम्ल सोडतं.

खरी मेख तुझ्या रात्रीत आहे. ड्युटीवरून दहाला येणार, पोटभर जेवणार आणि अर्ध्या तासात आडवा होणार. आडवं झालं की आम्ल खाली राहायला वजनाची मदतच उरत नाही. जेवण आणि झोप यांत तीन तास हवेत. डबा सातलाच कामावर खा, घरी आल्यावर फार तर थोडा मऊ भात. संकष्टीला तर तू दिवसभर चहा आणि साबुदाण्याच्या खिचडीवर काढतोस आणि चंद्रोदयानंतर मोदकांसकट भरलं ताट घेतोस. उपास सोडू नकोस, पण त्या रात्री वरणभातावर सोड, मोदक दुसऱ्या दिवशी दुपारी खा. बाप्पा रागावणार नाही.

पलंगाच्या उशाकडच्या दोन पायांखाली विटा घालून ती बाजू ६ ते ८ इंच उचल. उशांवर उशा रचल्या तर पोट दुमडतं आणि दाब उलट वाढतो. आणि डाव्या कुशीवर झोप, म्हणजे जठराचं तोंड आम्लाच्या वर राहतं. पैसे न घालता होणारे हे दोन उपाय आहेत आणि त्यांवर माझा फार भरवसा आहे.

पॅन्टोप्राझोल तू जळजळ सुरू झाल्यावर घेतोस. ती गोळी तशी चालत नाही. ती सकाळी नाश्त्याच्या अर्धा तास आधी घ्यायची, कारण खाणं सुरू झालं की जठरातले आम्लाचे पंप जागे होतात आणि ती त्यांनाच बंद करते. पुरता गुण यायला काही दिवस लागतात. बरीच वर्षं घेऊन एकदम थांबवली तर आम्ल काही काळ उसळून येतं, म्हणून किती दिवस घ्यायची आणि कशी कमी करायची हे डॉक्टरांनाच ठरवू दे. जाताना सगळ्या गोळ्या पिशवीत घालून ने. तुझी रक्तदाबाची अॅम्लोडिपिन ते कडं सैल करू शकते, आणि गुडघ्यासाठीची डायक्लोफिनॅक जठराला त्रास देते. डॉक्टर बदलून देतील, तू मात्र मनानं रक्तदाबाची गोळी बंद करू नकोस.

तिखट सोड असं सरसकट सांगणार नाही. कुणाला ठेचा बाधतो, कुणाला टोमॅटो, कुणाला उपाशीपोटीचा चहा. आठ-पंधरा दिवस लिहून ठेव, कळेल. दिवाळीचं तळण मात्र सगळ्यांनाच जड, चकल्या दुपारीच खा.

आणि छातीत नुसतं जळण्याऐवजी दाबल्यासारखं झालं, घाम फुटला, दुखणं हाताकडे किंवा जबड्याकडे सरकलं, तर पित्त समजून बसून राहू नकोस. सरळ दवाखाना गाठ आणि ईसीजी काढ. तुझ्या वडिलांच्या बाबतीत काय झालं ते तुला मी वेगळं सांगायला नको.

एंडोस्कोपीची, म्हणजे त्या दुर्बिणीच्या तपासणीची, धास्ती घेऊ नकोस. सहा-आठ तास उपाशी राहायचं, घशात बधिर करणारा फवारा मारतात, आणि तपासणी काही मिनिटांत उरकते. झोपेचं इंजेक्शन दिलं तर सोबत माणूस लागतो आणि त्या दिवशी गाडी चालवायची नसते. बुधवारी माझं दुकान बंद असतं. बुधवारची वेळ मिळाली तर मी आदल्या रात्रीच येतो. वेळ ठरली की लगेच फोन कर.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
जुना बाकसोबती