पहाटे पावणेतीनचा शिक्का

मिरज,
१७ जून २०२५

चि. मंदार यास अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी तू नोकरी सोडून, जुन्या फाँटांतलं मराठी आजच्या मशिनवर वाचता येईल असं करणारा तो तुझा फुकटचा प्रोग्रॅमच पूर्णवेळ सांभाळायचं म्हणालास आणि मी "बरं" म्हणून फोन आईच्या हातात दिला. ते "बरं" तुला लागलं, असं ती म्हणते. अरे, राग नव्हता त्यात. मला फोनवर ऐन वेळी काही सुचत नाही, समोर कागद असला की सुचतं. आता कागदही नाही म्हणा. तूच बसवून दिलेल्या लिब्रेऑफिसात, इनस्क्रिप्टच्या मराठी कीबोर्डवर दोन बोटांनी बडवतोय. 'ज्ञ' अजून शोधावा लागतो.

पैशांचं मी काही काढणार नाही, असं आईला कबूल केलंय. तुझा हिशेब तू नीट सांगितलास. शिल्लक किती, बाहेरचं काम किती, अशा फुकटच्या सॉफ्टवेअरला पैसे देणाऱ्या झेरोधाच्या फ्लॉस फंडाकडे अर्ज केलाय, सगळं. ओपन सोर्सला, म्हणजे सगळ्यांना खुल्या असलेल्या सॉफ्टवेअरला, वर्षाला दहा लाख डॉलर द्यायचं ठरवणारी कंपनी आपल्याकडे आहे, हे ऐकून खरंच बरं वाटलं. नेटवरून फाइली आणणारं 'कर्ल' ज्याने केलं त्या स्टेनबर्गचं उदाहरणही तू दिलंस. ते मी नंतर वाचून काढलं. त्याचं कर्ल १९९८ पासूनचं, आणि तो पूर्णवेळ त्यावर बसला २०१९ मध्ये, तेही एका कंपनीने त्याला त्यासाठीच नोकरीवर घेतलं तेव्हा. मधली वीस वर्षं पोटापाण्याचं सांभाळूनच केलं ना त्याने? असो. काढणार नाही म्हणालो होतो.

मला विचारायचंय ते वेगळंच. त्या कामात तुझ्याबरोबर दुसरं कोण आहे?

लग्नाचं म्हणत नाही. ते खातं आईकडे आहे, ती ते सवडीने उघडेल.

तुला आठवतं ना, वाचनालयाच्या जुन्या स्मरणिका मी तुझ्या प्रोग्रॅममधून युनिकोडमध्ये, म्हणजे अक्षरांच्या सगळीकडे चालणाऱ्या ठरलेल्या सांकेतिक पद्धतीत, आणत होतो. सगळं झकास यायचं, फक्त 'वाऱ्यावर'चं 'वार्यावर' व्हायचं. मी तुला फोनवर सांगितलं तर तू म्हणालास, बाबा, रीतसर इश्यू टाका, म्हणजे प्रोग्रॅमच्या पानावर लेखी तक्रार. टाकला. मग तू समजावलंस की हा अर्धा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो, एकदा नुक्त्याच्या ऱ ला हलन्त देऊन आणि एकदा साध्या र् पुढे तो न दिसणारा जोडणारा घालून. तुझ्या प्रोग्रॅमला काही फाँटांच्या बाबतीत यातलं काहीच कळत नव्हतं. त्याच रात्री दुरुस्ती झाली, खाली माझं नाव घालून इश्यू बंद झाला. बंडूकाकाला मी ते मोबाईलवर दाखवलं. त्याला कळलं नाही, पण त्याने चहा पाजला.

तर त्या नादात मी गिटचा लॉग, म्हणजे प्रोग्रॅममधल्या बदलांची नोंदवही, वाचायला शिकलो. प्रत्येक बदलापुढे तारीख, वेळ, आणि शेवटी +०५३०, म्हणजे आपली भारतीय वेळ. पावणेतीन. साडेतीन. चार दहा. पुन्हा पावणेतीन. आणि सकाळी नऊला तुझं ऑफिस. आरएमएसमध्ये, रेल्वेच्या टपालसेवेत, जन्मभर दुसऱ्यांच्या टपालावरचे शिक्के वाचले, ती सवय निवृत्त होत नाही. आमच्या शिक्क्यावर नुसती तारीख नसायची, सेक्शन आणि सेटही, म्हणजे त्या पाळीची तुकडीही, असायची. पाकीट उशिरा पोचलं की उलटून बघायचं, कुणाच्या पाळीत अडकलं ते कळायचं. तुझ्या लॉगमध्ये मी सेट शोधत बसलो. सगळीकडे एकच नाव.

तू म्हणशील, तुम्हीही रात्रभर जागत होतात. जागत होतो की. १९८१ साली लागलो तेव्हा पुण्याच्या गाडीला टपालाचा डबा असायचा. भिंतभर खण, वर पिवळा दिवा, गाडी हलेल तसे आपण हलायचं आणि हात मात्र बरोबर खणात जायचा. कराड सुटलं की साताऱ्याची बॅग बांधायला घ्यायची. सुतळी, लेबल, वितळलेली लाख, त्यावर शिक्का. त्या लाखेचा वास माझ्या शर्टाला यायचा आणि तू लहानपणी तो हुंगायचास. पण मंदार, त्या डब्यात एकटा कुणी नसायचा. मी बांधलेली बॅग दुसरा बघायचा, यादीवर तिसरा सही करायचा. माझा डोळा लागला तर शेजारचा कोपर मारायचा. आणि पुण्याला उतरलो की पुढचं काम पुढच्या सेटचं. रेस्ट हाऊसवर जाऊन मी मेल्यासारखा झोपायचो, कारण राहिलेलं टपाल आता दुसऱ्याच्या हातात आहे हे ठाऊक असायचं.

तुझा दुसरा सेट कुठे आहे?

हे मी उगीच विचारत नाही. गेल्या वर्षी मार्चअखेरीस त्या एक्सझेडची भानगड झाली, तेव्हा तूच मला फोनवर अर्धा तास सांगत होतास आणि मला अर्धंच कळलं होतं. नंतर मी बारकाईने वाचलं. फाइली दाबून लहान करणारं एक साधन, लिनक्सच्या जवळजवळ प्रत्येक मशिनवर असलेलं. ते सांभाळणारा फिनलंडचा लासे कॉलिन, बिनपगारी, जवळजवळ एकटा. २०२२ मध्ये त्याने जाहीर लिहिलं होतं की मनाचं दुखणं बराच काळ चाललंय, आणि हे काम म्हणजे फुकटचा छंद आहे हे लक्षात असू द्या. त्यावर लोकांनी काय केलं? नवीन माणसाला हक्क दे, तुझ्याच्याने होत नाही, असा धोशा लावला. धोशा लावणाऱ्यांत एकाचं नाव जिगर कुमार! तीही नावं बहुधा खोटीच. आणि तो नवीन माणूस, जिया टॅन, दोनेक वर्षं गुणी मुलासारखा काम करत राहिला, विश्वास कमावला, आणि २०२४ च्या फेब्रुवारीत ५.६.० या आवृत्तीत चोरदरवाजा बसवून दिला. पकडला गेला तो आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या माणसामुळे. त्याला दूरच्या मशिनवर शिरताना अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं आणि तो खोदत गेला. अर्धा सेकंद! आमच्या हेड सॉर्टरला बॅग उचलताच वजनावरून कळायचं की हिच्यात काहीतरी चुकीचं पडलंय. मला त्यांचीच आठवण झाली.

तू तेव्हा हसून म्हणाला होतास, आपल्या घरी डेबियन या लिनक्सची स्थिर आवृत्ती आहे, तिच्यात ते आलंच नाही, काळजी करू नका. मी आपल्या लॅपटॉपची काळजी करतच नव्हतो. मी त्या कॉलिनचा विचार करत होतो. त्याचेही आईबाप असतील कुठेतरी.

मागच्या महिन्यात तुझ्या पानावर एकाने लिहिलंय, "दोन आठवडे झाले, उत्तर नाही. मेंटेनर जिवंत आहे का?" मेंटेनर म्हणजे प्रोग्रॅम सांभाळणारा, म्हणजे तू. तुमच्यात अशी बोलायची पद्धत असेल. तू त्याला सभ्यपणे उत्तर दिलंस, वर सॉरी म्हणालास. सॉरी कशाबद्दल? फुकट घेतो आणि वर दमदाटी करतो, त्याला? मी ते रात्री वाचलं आणि आईला काही बोललो नाही. तूही बोलू नकोस.

बरं, मी स्वतःचंच खोडतोय हेही मला दिसतंय. एकटा राहू नकोस म्हणतो, आणि ज्याने कुणाला तरी बरोबर घेतलं त्याचीच गत सांगतो. यावर माझ्याकडे उत्तर नाही. फक्त एवढं बघ की जिया टॅनला कुणी डोळ्यांनी पाहिलंच नव्हतं. नुसतं नाव आणि गोड काम. डब्यातल्या माणसाचं घर मला माहीत असायचं, त्याच्या पोरीच्या लग्नात मी पंगतीत वाढलंय.

झोप वेळेवर घे. मनगटाला पट्टा बांधून टाइप करायचं म्हणजे काय, दुखतंय तर थांबायचं. तीन स्क्रीन मांडलेत ते ठीक, पण खुर्ची अजून तीच दिवाळीतली मोडकी आहे, व्हिडिओ कॉलवर मागची पाठ दिसते. त्या चिमुकल्या संगणकाला, रासबेरी पायला, पंखा लावतोस, स्वतःला नाही. आणि रिलीजची, म्हणजे नवी आवृत्ती बाहेर सोडायची किल्ली, तो पासवर्ड, फक्त तुझ्याकडेच आहे ना? उद्या तुला नुसता डेंग्यू झाला तरी... जाऊ दे. झालं माझं सुरू. आई म्हणते तेच खरं, मी पत्र लिहायला बसलो की सर्क्युलर होतं. वाईट वाटून घेऊ नकोस.

खरं म्हणजे तुझ्या या वेडाची सुरुवात माझ्याच खात्याने केली. आठवीत होतास. उबुंटू नावाचं लिनक्स बनवणारे तेव्हा जगभर त्याच्या फुकट सीडी पाठवायचे, तू कुणाला न विचारता मागवल्यास. ते पाकीट सॉर्टिंगमध्ये माझ्याच हातात आलं. त्यावर तुझं नाव, आपला पत्ता, ४१६४१०. खिशात टाकून घरी आणता आलं असतं. मी ते खणात टाकलं, आणि दुसऱ्या दिवशी पोस्टमन रीतसर घेऊन आला. हे मी संध्याकाळी जेवताना सांगितलं तर तू ताटावरून उठलास! मला अजूनही वाटतं की मी बरोबर होतो. सीडीचं ते तपकिरी पाकीट तू किती दिवस दप्तरात घेऊन फिरत होतास. ६.०६ असं काहीतरी होतं त्यावर. मला तेव्हा एकच प्रश्न पडला होता: एक पैसा न घेता, टपालखर्च स्वतः भरून, कुणी का पाठवेल? तुला तो प्रश्न पडलाच नाही. तू थेट सीडी घातलीस, आणि दीपाचा कॉलेजचा प्रोजेक्ट... तो विषय नको.

पिन कोड ज्यांनी आणला, त्या श्रीराम भिकाजी वेलणकरांबद्दल मी तुला तेव्हाच सांगितलं असेल. आपलाच मराठी माणूस, संस्कृतचा कवी, आणि टपाल खात्यातला अधिकारी. १५ ऑगस्ट १९७२. पत्ता बंगालीत असो की तमिळमध्ये, मला पहिल्या तीन आकड्यांवर खण कळायचा. रोज कोट्यवधी माणसं तो आकडा लिहितात, नाव किती जणांना माहीत आहे? तू गेल्या गणपतीत म्हणालास, बाबा, माझं काम चाललं तर असंच चालावं, कुणाला कळूही नये. मी तेव्हा "हं" म्हणालो असेन. पण नंतर आरतीला टाळ वाजवताना माझा ठेका दोनदा चुकला.

घरचं सगळं ठीक आहे. सांगली आकाशवाणीवरून टेप केलेल्या कॅसेट तू ऑडॅसिटी या आवाजाच्या प्रोग्रॅममध्ये घालून दिल्यास, त्या आई दुपारी मोबाईलवर लावते. कीर्तनाच्या त्या एका फाइलमधला तात्यांचा खोकला तू खरखरीबरोबर साफ करून टाकला होतास, आणि आईने तो परत घालायला लावला. तुझ्याकडे मूळ फाइल ठेवलेली होती म्हणून बरं. आता खोकला आला की ती म्हणते, "हं, आता तात्या पाणी मागतील." माळ्यावरच्या रासबेरी पायची वायर कुठली, रीस्टार्ट कसा करायचा, कार्ड खराब झालं तर बॅकअप कुठे, हे सगळं तू डायरीत लिहून दिलंयस आणि डायरी देवघराखालच्या खणात आहे. वीज गेली की मी आणि आई मिळून ते चालू करतो. अशीच एक डायरी तुझ्या प्रोग्रॅमचीही असावी, आणि ती वाचणारं कुणीतरी असावं, एवढंच मी सबंध पत्रभर म्हणतोय.

ती बेळगावची मुलगी वर्षभर तुला पॅच, म्हणजे प्रोग्रॅममधल्या दुरुस्त्या, पाठवते आहे. मी वाचलेत तिचे. 'ऱ्ह'ची चूक तिनेच पकडली, मलाही दिसली नव्हती. नीट काम आहे, आणि तुझं चुकलं तर सरळ चुकलं म्हणते. तिला भेटलायस का कधी? चन्नम्मा एक्सप्रेसने घरी येताना बेळगाव लागतंच. उतर, तिच्या घरच्यांना भेट, चहा पी, मग पुढच्या गाडीने ये. किल्ली कुणाला द्यायची ते तू ठरव, पण देण्याआधी माणूस बघ. मुलगी आहे हे मी आईला सांगितलेलं नाही, नाहीतर ती स्वतःच बेळगावला जाऊन येईल.

नोकरीचा राजीनामा द्यायच्या दिवशी फोन कर. मी "बरं" म्हणणार नाही, काहीतरी दुसरं ठरवून ठेवतो. भडंग आणि मेतकूट कुरिअरने न पाठवता स्पीड पोस्टाने पाठवलंय, आपलं खातं म्हणून.

तुझा,
बाबा

ता. क. : टाकी कालपासून १३७ टक्के भरलेली दाखवते आहे. आईने वर जाऊन बघितलं, निम्मी आहे. सेन्सरवर कोळ्याने जाळं केलेलं दिसतं. काढू का, की आधी इश्यू टाकू?