फक्त पेटी – २

सांगली,
रविवार, सकाळ

प्रिय बंड्या,

परवा फोनवर विचारलंस, "हल्ली काय ऐकतोयस?" आणि मी "काही विशेष नाही" म्हणून विषय टाळला. खोटं बोललो. गेले पंधरा दिवस मी एकच ऐकतोय. पण ते फोनवर सांगायला गेलो असतो तर तू मध्येच हसला असतास आणि माझं सगळं बोलणंच विस्कटलं असतं. म्हणून पत्र.

झालं असं, की माळा आवरताना बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात तुझी एक कॅसेट सापडली. निळ्या बॉलपेननं, तुझ्या त्या उंदरानं कुरतडल्यासारख्या अक्षरात लिहिलेलं: 'फक्त पेटी – २'. आठवतंय का रे? शनिवारी रात्री साडेनऊचा आकाशवाणीचा अखिल भारतीय कार्यक्रम, आमचा टू-इन-वन, आणि पॉजच्या बटणावर अंगठा ठेवून बसलेला तू. गवई गातोय तोवर पॉज. तो दम घ्यायला थांबला आणि पेटीवाल्यानं उत्तर दिलं की अंगठा वर. पुन्हा तान सुरू झाली की खट्! साठची कॅसेट तुला महिनाभर पुरायची. बाबा म्हणायचे, "या पोराला पंगतीला बसवा, हा ताटातलं लोणचं तेवढं पुडीत बांधून घरी नेईल."

तर बंड्या, तुझ्या आधी तीसेक वर्षं तुझाच एक भाऊबंद अमेरिकेत होऊन गेला. त्याचं नाव डीन बेनेडेटी. स्वतः सॅक्सोफोन वाजवायचा. आणि त्याचं लोणचं म्हणजे चार्ली पार्कर.

पार्करबद्दल तुला मी पूर्वी पकवलेलं आहे, तेव्हा थोडक्यात सांगतो. आल्टो सॅक्सोफोन, 'बर्ड' हे टोपणनाव, बीबॉप नावाचं जे नवं जॅझ वादन चाळिसाच्या दशकात उभं राहिलं त्याच्या मुळाशी असलेला माणूस. जुलै १९४६ मध्ये लॉस एंजेलिसला तो पार कोसळला. व्यसनानं पोखरलेला होताच. कॅमारिलोच्या सरकारी मनोरुग्णालयात सहा महिने काढले आणि १९४७ च्या जानेवारीअखेर बाहेर आला. वेळेवर जेवण, वेळेवर झोप, अंगात ताकद. मार्चमध्ये त्याच शहरातल्या हाय-डी-हो क्लबात हॉवर्ड मॅगी या ट्रम्पेटवाल्याच्या संचात दोनेक आठवडे वाजवत होता. वय वर्षं सव्वीस.

आणि तिथे हे बेनेडेटी महाशय रेकॉर्डिंगचं यंत्र घेऊन हजर. टेप नव्हे हं, तबकडी कापायचं यंत्र. ॲल्युमिनियमच्या तबकडीवर लाखेसारखा मऊ थर असतो. सुई त्यात खाच कापत जाते आणि कापलेल्या थराचा केसासारखा बारीक दोरा वर येतो. तो हातासरशी झाडून काढावा लागतो, नाहीतर सुईत गुंततो. समोर आयुष्यातलं सगळ्यात आवडतं वादन चाललंय आणि हा कोपऱ्यात सुतारासारखा भुसा झाडत बसलाय! त्यात एका बाजूला मावतात मोजकी मिनिटं, आणि कोऱ्या तबकड्या काही फुकट येत नव्हत्या. मग त्यानं तुझाच तोडगा काढला. पार्करचा सोलो सुरू झाला की सुई खाली. पार्कर थांबला की सुई वर.

नुसतं वेड नव्हतं यामागे, मतलब होता. त्याला ते शिकायचं होतं. बाजारात मिळणारी तबकडी तीन मिनिटांची. त्यात आधी मूळ धून, मग एकेकाची पाळी, की पार्करच्या वाट्याला मिनिट, फार तर दीड मिनिट. क्लबात मात्र तो एकाच गाण्याच्या स्वरांच्या चौकटीवर आवर्तनामागून आवर्तनं घेत जायचा आणि रोज वेगळी. तेच गाणं मंगळवारी एका दारानं, बुधवारी दुसऱ्याच. तू नाही का म्हणायचास, "छापील नोटेशनमध्ये राग असतो, पेटीवाला नसतो"? तेव्हा तू असशील पंधरा वर्षांचा. आगाऊच होतास.

पुढे १९४८ मध्ये बेनेडेटी पार्करला टिपायला न्यूयॉर्कला पोचला. बावन्नाव्या रस्त्यावरचे थ्री ड्यूसेस आणि ओनिक्स हे क्लब. आता हाताशी टेप होती, तीही कागदाची! कागदी पट्टीवर चुंबकीय लेप. आणि ते वर्ष बघ: वादकांच्या संघटनेनं १ जानेवारीपासून रेकॉर्डिंगवर बहिष्कार घातलेला, जवळजवळ अख्खं वर्ष स्टुडिओ थंड. कंपन्यांची तोंडं बंद आणि एका चाहत्याचं यंत्र चालू.

पार्कर १९५५ मध्ये गेला, चौतिसाव्या वर्षी. बेनेडेटी स्नायूंच्या एका दुर्धर आजारानं १९५७ मध्ये इटलीत गेला.  मग सुरू झाल्या दंतकथा. म्हणे त्यानं पार्करला तारेच्या रेकॉर्डरवर गावोगाव टिपलं, म्हणे तो खजिना कुठेतरी आहे. आपल्याकडे नाही का, अमुक बुवांच्या घरच्या बैठकीची स्पूल तमुक वकिलांच्या कपाटात आहे म्हणतात आणि वकील कुणालाच माहीत नसतात. इथे मात्र कपाट खरंच निघालं! तबकड्या आणि टेपा त्याच्या भावानं जपून ठेवल्या होत्या. तार मात्र कुठेच नव्हती. मोझेइक या कंपनीनं १९९० मध्ये सगळं मिळून सात सीडींचा संच काढला. गेले पंधरा दिवस मी ऐकतोय तो हाच. फिल शाप नावाच्या रेडिओवाल्यानं, जो पार्करसाठी तुझ्याहूनही वेडा, ते तुकडे साफसूफ करून तारीखवार लावले.

ऐकायला कसं आहे? प्रामाणिकपणे सांगू? पहिल्या दिवशी डोकं उठलं. खरखर, करकर, आणि हा माणूस हवेतून पडल्यासारखा मध्येच सुरू होतो. काही तुकडे तर काही सेकंदांचे. कान लावेपर्यंत संपतात. मी चिडून बंद केलं. तिसऱ्या दिवशी रात्री दिवा मालवून, हेडफोन कानाला लावून बसलो आणि मग हळूहळू खरखरीच्या मागचा माणूस दिसायला लागला. स्टुडिओतला पार्कर इस्त्रीच्या कपड्यातला. हा घरातला. एखादी कल्पना पकडतो, अर्धी सोडतो, चार आवर्तनांनी तीच उलटी करून परत आणतो. इतका मोकळा, इतका मजेत. पुढची आठ वर्षं आपल्याला माहीत आहेत, त्याला नव्हती.

तक्रार एकच आहे, आणि तुझ्याशीच बोलता येईल अशी. हाय-डी-होमध्ये पियानोवर हॅम्प्टन हॉज होता. वय अठरा. पार्करच्या शेजारी बसून रोज वाजवतोय! त्याचं काय झालं? त्याची पाळी आली की सुई वर. न्यूयॉर्कला ट्रम्पेटवाला माइल्स डेव्हिस, एकविशीतला, त्याचीही तीच गत. सात सीडी ऐकून मला त्या पोरांचं फारसं काहीच मिळत नाही. मी बेनेडेटीला शिव्या घातल्या, आणि मग तुझी कॅसेट लावली.

बंड्या, काय आहे त्यात! दहा सेकंद पेटी, खट्, सहा सेकंद पेटी, खट्. मागे मीडियम वेव्हची शिट्टी. कुठे अंगठा उशिरा पडलाय, तिथे गवयाच्या तानेचं शेपूट राहिलंय. एका ठिकाणी तर माझी आई स्पष्ट म्हणते, "अरे, दूध उतू जातंय बघा कुणीतरी." आई जाऊन नऊ वर्षं झाली. तिचा आवाज माझ्याकडे दुसरा नाही.

त्यानंतर शिव्या जरा आवरत्या घेतल्या. हॉजचं दुःख तरीही आहेच, ते मी मागे घेत नाही.

कॅसेट पोस्टानं पाठवत नाही. फीत एकदा गुंतली होती, पेन्सिल घालून गुंडाळली आहे. गल्लीतल्या पोराकडून मोबाइलवर उतरवून घेतली, ती आज रात्री धाडतो. एक काम कर. बाजू बी, साधारण अकरावं मिनिट. तिथे यमन आहे आणि तुझा अंगठा चांगला दोन-तीन सेकंद चुकलाय. निषादावरून येणारी एक अशी काही जागा सापडलीय, की मी ती चाळीस वेळा तरी ऐकली असेल. निवेदन तू कापलेलं, त्यामुळे नाव नाही, वर्ष नाही.

तो गवई कोण होता ते आठवून सांग. पेटीवाल्याचं नाव तुला पाठ असेल, ते नकोय मला.

तुझा,
अण्णा