'सेट'चं मूळ एकच नाही

रविवारच्या पुरवणीत 'सेट' या इंग्रजी शब्दावरचा लेख वाचला, आवडला, पण त्याचे सगळे अर्थ 'बसवणे' या एकाच मुळातून आले असं जे म्हटलंय ते मला पटलं नाही. सिमेंट सेट होतं, दही सेट होतं, अलार्म सेट करतो, सूर्य 'सेट' होतो, हे सगळं जुन्या इंग्रजीतल्या 'सेट्टन' म्हणजे बसवणे या क्रियापदाकडे जातं हे बरोबरच आहे. पण टी-सेट, गणितातला सेट, टेनिसचा सेट यातला जो 'संच' किंवा समूह असा अर्थ आहे, तो मुळात लॅटिन 'सेक्टा' म्हणजे पंथ, अनुयायांचा गट यावरून जुन्या फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला, आणि उच्चार सारखा झाल्यामुळे दोन वेगळे शब्द पुढे एकमेकांत मिसळून गेले.

ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या 1989च्या आवृत्तीत सर्वात लांब नोंद याच शब्दाची होती, मग एवढ्या पसाऱ्याला एकच उगम सांगणं म्हणजे अर्धी गोष्ट गाळणं आहे असं मला वाटतं.

आणि एक राहिलंच. 'बसवणे'वाला जो सेट आहे त्याचं नातं थेट संस्कृतच्या 'सद्' म्हणजे बसणे या धातूशी आहे, आपल्या सभासद आणि संसद या शब्दांत तोच धातू आहे, हे मराठी वाचकांसाठीच्या लेखात यायलाच हवं होतं. लेखकांनी पुढच्या भागात या दोन्ही गोष्टी घ्याव्यात ही मनापासून विनंती.

— एक वाचक, पुणे