मेट्रोचा खांब नंतर रोवा, आधी बाबा पेट्रोल पंपावर उभं राहून माणसं मोजा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

छत्रपती संभाजीनगरच्या मेट्रोचा विषय निघाला की पेपरात वाळूज एमआयडीसीपासून शेंद्रा एमआयडीसीपर्यंत, जालना रोडवरून जाणारी एक सरळ रेघ छापून येते. रेघेवर ठिपके आणि ठिपक्यांना चौकांची नावं. मी मुकुंदवाडीत राहते, वाळूजला एका कंपनीत स्टोअरला आहे. म्हणजे ही रेघ माझ्यासाठीच ओढलेली. पण माझा रोजचा रस्ता काही सरळ जात नाही.

सातची शिफ्ट असते. पावणेसहाला घर सोडते, शेअर रिक्षानं बाबा पेट्रोल पंप. चौकाचं नाव महावीर चौक आहे, पण रिक्षावाले "बाबा, बाबा" असंच ओरडतात. रिक्षा सिग्नलच्या अलीकडेच उतरवते. तिथून रस्ता ओलांडून पंढरपूरच्या गाडीसाठी पलीकडे उभं राहायचं. (आमचं पंढरपूर, वाळूजचं. विठोबाचं नाही.) चालायला जेमतेम शंभर पावलं, पण अंधार, डबक्यातलं पाणी आणि समोरून येणारे कंटेनर. हातात डबा, खांद्याला पर्स. गाडी चुकली की गेटवर लेट मार्क.

येताना तर निराळीच तऱ्हा. सासूबाईंच्या गोळ्या घ्यायला घाटीत, म्हणजे सरकारी दवाखान्यात, तिथून औरंगपुऱ्यात भाजी, मग मुलीला क्लासवरून घ्यायचं आणि घर. यातलं काहीच जालना रोडवर नाही. सर्व्हेवाल्यानं "कुठून कुठे जाता?" असं विचारलं तर मी काय सांगणार? "वाळूज ते मुकुंदवाडी." तो लिहून घेणार आणि मधली तीन ठिकाणं गळून जाणार.

2011च्या जनगणनेतही कामावर जाण्याचं अंतर आणि वाहन तेवढं विचारलं होतं, तेही शेती आणि घरगुती उद्योग सोडून बाकीच्या कामगारांना. शाळा, दवाखाना, बाजार हा प्रवास त्यात आलाच नाही. 2019पासून शहरात स्मार्ट सिटीच्या बस आहेत, त्यांच्या तिकिटांवरून थोडंफार कळेल. शेअर रिक्षाला मात्र तिकीटच नसतं, त्यामुळे आमच्यासारख्यांची कुठेच नोंद नाही.

मुंबईत 2014ला वर्सोवा-घाटकोपर मेट्रो सुरू झाली आणि लगेच भरली, कारण ती अंधेरी आणि घाटकोपरला लोकलला जोडलेली आहे. पुण्यात मार्च 2022ला दोन वेगवेगळे तुकडे सुरू झाले, ते सिव्हिल कोर्टला एकमेकांना जोडले गेले ऑगस्ट 2023मध्ये. तोवर लोक हौसेनं बसून फोटो काढून आले, कामाला जाणारे कमीच. आपल्याकडे मुकुंदवाडीचं रेल्वे स्टेशन आहे. मेट्रोचं स्टेशन त्याला खेटून होणार, की अर्धा किलोमीटर पुढं जिथं जागा मोकळी सापडेल तिथं?

शिवाय जालना रोडवर क्रांती चौक, मोंढा नाका, सेव्हन हिल्स, सिडको इथे उड्डाणपूल आधीच आहेत. त्यांच्याही वरून मेट्रो न्यायची तर जिने किती मजले चढायचे? लिफ्ट बंद पडली तर गुडघे धरलेल्या बाईनं काय करायचं, हे नकाशावर दिसत नाही. 2017च्या केंद्राच्या मेट्रो धोरणात स्टेशनच्या दोन्ही बाजूंना पाच किलोमीटरपर्यंत पोहोचणारी फीडर सेवा (स्टेशनपर्यंत नेणाऱ्या-आणणाऱ्या गाड्या) आणि चालायला, सायकलला वाट हवी, असं म्हटलं आहे. आमच्या बाबावर आज धड फुटपाथ मिळाला तरी चालेल.

माझा मेट्रोला विरोध नाही. स्टेशनं ठरवणाऱ्यांनी आधी एक आठवडा बाबावर, पंढरपूरच्या नाक्यावर आणि घाटीच्या गेटसमोर उभं राहून कोण कुठून उतरतं आणि कुठल्या गाडीत चढतं एवढं मोजावं. आणि सकाळी अकराला येऊ नये. तेव्हा आम्ही कंपनीत असतो. यायचं तर सहाला, नाहीतर साडेतीनला फर्स्ट शिफ्ट सुटते तेव्हा.

आपली,
एक वाचक, मुकुंदवाडी