केळीलाही वेळापत्रक हवं : रेल्वेमंत्र्यांना खुले पत्र

मा. श्री. अश्विनी वैष्णव,
रेल्वेमंत्री, भारत सरकार

महोदय,
स. न. वि. वि.

२५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने भुसावळ–खंडवा या १३१ किलोमीटरच्या तिसऱ्या आणि चौथ्या लाइनला मंजुरी दिली. सोबत जळगाव–मनमाड चौथी लाइन आणि उत्तर प्रदेशातलं एक काम. तिन्ही मिळून ७,९२७ कोटी रुपये. वर्षाला ५ कोटी १० लाख टन जादा माल वाहता येईल आणि ११ कोटी झाडं लावल्याइतका कार्बन वाचेल, असं तेव्हा सरकारनं सांगितलं. कोणता माल, त्या यादीत कोळसा, सिमेंट, पोलाद यांच्याबरोबर शेतमालाचंही नाव होतं. ही लाइन निंभोरा, सावदा, रावेर या स्टेशनांवरून, म्हणजे जळगाव जिल्ह्यातल्या केळीपट्ट्याच्या पोटातून जाते. म्हणून यादीतल्या त्या एका नावाबद्दल हे पत्र.

आमच्याकडे केळी आणि रेल्वेचं नातं जुनं आहे. कित्येक दशकं इथल्या केळीच्या वॅगन दिल्लीकडे गेल्या. "रॅक लागला का?", म्हणजे माल भरायला मालगाडीच्या डब्यांची रांग आली का, हा प्रश्न इथे पावसाच्या चौकशीइतकाच नेहमीचा होता. रॅक लागला की कटाईवाले, गाडीवाले, स्टेशनावरचे हमाल, चहाची टपरी, सगळ्यांचा दिवस ठरायचा. नाही लागला, तर बागेत कापायला आलेला घड कुणाची वाट बघत थांबत नाही.

७ ऑगस्ट २०२० रोजी देवळाली–दानापूर ही पहिली किसान रेल, म्हणजे शेतमाल नेणारी खास गाडी, निघाली, आणि प्रथमच छोट्या शेतकऱ्यालाही रेल्वेत जागा आहे असं वाटलं. २८ डिसेंबरला सांगोल्याहून शालिमारला शंभरावी गाडी सुटली, तेव्हा पंतप्रधानांनी भाषणात तीन किलो डाळिंबांच्या पार्सलचा उल्लेख केला होता. तीन किलो! याआधी अख्खा रॅक भरू शकणाऱ्यालाच मालगाडी परवडायची. हजारावी किसान रेल फेब्रुवारी २०२२ मध्ये आमच्या सावद्याहून दिल्लीच्या आदर्शनगरला गेली. फळं-भाज्यांवर भाड्यात ५० टक्के अनुदान होतं, ते अन्न प्रक्रिया मंत्रालयाकडून यायचं. ३१ मार्च २०२२ नंतर ते थांबलं. पुढे गाड्याही रोडावल्या.

एक गोष्ट तुमच्या नजरेस आणून देतो. अनुदान थांबून महिना होत नाही तोच, एप्रिल २०२२ च्या अखेरीस, वीज केंद्रांना कोळसा पोचवायचा म्हणून रेल्वेने प्रवासी गाड्यांच्या शेकडो फेऱ्या रद्द केल्या. त्याबद्दल माझी तक्रार नाही. भुसावळजवळ दीपनगरचं औष्णिक केंद्र आहे, कोळसा पोचला नाही तर आमच्या विहिरीवरचे पंपही बंद पडतात. पण त्यातून एवढं कळलं, की मनात आणलं तर रेल्वे एखाद्या मालासाठी रूळ मोकळा करते. रेल्वेच्या एकूण मालात जवळपास निम्मा कोळसा आहे. त्याला प्राधान्य मिळतं कारण तो मोठा आणि नियमित आहे. केळीही नियमितच आहे हो. मृगबाग (पावसाळ्याच्या सुरुवातीची लागवड), कांदेबाग (पावसाळ्यानंतरची), पिलबाग (जुन्या झाडाच्या पिलांवर घेतलेलं पीक) असं करत वर्षाचा फार थोडा काळ कटाईविना जातो.

वाहतूक महागली की भार शेवटी कुणावर येतो, हे दिल्लीत बसून कदाचित दिसत नसेल. ट्रकभाडं वाढलं तर व्यापारी ते स्वतःच्या खिशातून भरत नाही, भावातून कापतो. रावेर किंवा बऱ्हाणपूरच्या फलकावर एक भाव लिहिलेला असतो आणि बागेत दुसराच मिळतो. मधल्या फरकात डिझेल असतं, टोल असतो, वाटेत पिकून गेलेल्या मालाची धास्ती असते. मे महिन्यात इथलं तापमान ४५ च्या पुढे जातं. त्या उन्हात ताडपत्रीखाली हजार किलोमीटरच्या वर प्रवास करून केळी कशी निघते, ते दिल्लीच्या आझादपूर मंडीत जाऊन बघण्यासारखं आहे. बघण्यासारखं म्हणजे, एकदाच.

सरकारच्या त्या ११ कोटी झाडांच्या हिशेबाबद्दलही थोडं बोलायला हवं. विजेवरची मालगाडी तेवढाच माल ट्रकपेक्षा कितीतरी कमी ऊर्जेत नेते. लोखंडी चाक लोखंडी रुळावर घरंगळतं, रबराचं चाक डांबराशी झगडतं. आपली वीज बरीचशी कोळशाचीच, हे मान्य करूनही फायदा उरतो. मात्र आमच्या भागात पर्यावरणाचा खरा हिशेब पाण्याचा आहे. यावल-रावेरची भूजल पातळी खोल, खोल गेली आहे. केळीचा घड जितकं पाणी पिऊन तयार होतो, ते बरंचसं बोअरमधून उपसलेलं असतं. माल वाटेत सडला की ते पाणीही गेलं. उत्सर्जनाच्या आकडेमोडीत हे पाणी कुणी धरत नाही, धरायला हवं.

किसान रेल चालू ठेवणं परवडत नव्हतं, माल हंगामी असतो, गाडी रिकामी परतते, असं सांगितलं जाईल. त्याला उत्तर तुम्हीच दिलं आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये काश्मीरचा महामार्ग बंद पडला आणि सफरचंदं अडकली, तेव्हा १३ तारखेपासून बडगाम ते आदर्शनगर अशी रोजची, ठरलेल्या वेळेची पार्सल गाडी तुम्ही सुरू केलीत. फार चांगलं केलंत. तेच आदर्शनगर, जिथे आमची हजारावी गाडी पोचली होती. तिथे उत्तरेकडून सफरचंद येऊ शकतं, तर दक्षिणेकडून केळी का नाही? परतीला तीच सफरचंदं, पंजाबचा बटाटा, दिल्लीचं पार्सल सामान भुसावळ, नाशिक, मुंबईसाठी भरता येईल. भरणाऱ्यांना फक्त गाडी कधी सुटणार हे आठवडाभर आधी कळलं पाहिजे.

अनुदान पुन्हा द्या, ही मागणी आहेच, पण ती पहिली नाही. आधी ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी सुटणारी गाडी द्या. ती उशिरा पोचली तर भाड्यातून कपात होईल असा नियम करा. एका पार्सल व्हॅनमध्ये २३ टन माल बसतो. दोन-तीन गावांच्या शेतकऱ्यांनी मिळून एक व्हॅन घेतली तर ती घेता यावी, अख्ख्या रॅकची सक्ती नको. आणि नव्या लाइनसाठी जमीन जाणार आहे, त्यात बागाही जातील. जमीन देणाऱ्या गावाला रूळ नुसता पुढे निघून गेलेला दिसू नये. सावदा आणि निंभोऱ्याला छप्पर असलेला माल धक्का आणि दोन ट्रक शेजारी उभे राहतील एवढा पक्का रस्ता, इतकं तरी आराखड्यात आताच घाला. लाइन तयार झाल्यावर धक्का बांधायला पुन्हा दहा वर्षं लागतात.

त्यासाठी भुसावळ विभागाच्या अधिकाऱ्यांना सावद्याला आणि रावेरला बैठकीसाठी पाठवा. फक्त बैठक दुपारनंतर ठेवा, सकाळ कटाईत जाते.

कळावे,
आपला,
रावेर तालुक्यातला एक केळी उत्पादक